बँड, जयंती आणि एकट्याचे गाणे

मराठीत ‘बँड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्त्यांत राहतो. खेड्यात बँड म्हणजे वरातीपुढे चालणारे वाजंत्री. हलगी-सनई वाजविणाऱ्यांची मुले पुढे क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेट फुंकू लागली, अंगावर जरीच्या पट्ट्यांचे कोट चढले. पण पंगतीतली त्यांची जागा होती तिथेच राहिली. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत हा वाजविणारा माणूस मातंग समाजातला असतो. त्याचे नाव कुणी विचारीत नाही. ‘बँडवाला’ एवढ्यावर सगळ्यांचे भागते. दुसरा बँड शहरातला. चार-पाच मुले, गिटार, ड्रम, कीबोर्ड, आणि मध्ये उभा राहून स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले गाणे गाणारा एक जण. येथे प्रत्येकाचे नाव जाहिरातीवर छापतात आणि लोक पैसे मोजून ऐकायला येतात. वाद्ये दोन्हीकडे युरोपातूनच आलेली आहेत. तेव्हा मान आणि अवमान यांतला हा फरक वाद्याने पडलेला नाही, हे उघड आहे.

ह्या दुसऱ्या प्रकारच्या बँडमध्ये आमची मुले आता शिरली आहेत. त्यांच्या गाण्याचे मूल्यमापन कसे करायचे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने अजून हाती घेतलेला नाही. आपण कवितेची चर्चा केली, आत्मकथनांची तर कंटाळा येईपर्यंत केली. गाण्याकडे मात्र चळवळीचे साधन म्हणून पाहिले आणि साधनाला कुणी समीक्षा लावीत नाही. जयंतीच्या मंचावर गायक चांगला गायला की आपण टाळ्या देतो, पाचशेची नोट ठेवतो आणि विषय संपवितो.

प्रथम ‘इंडी पॉप’ ह्या नावाबद्दल. इंडी म्हणजे इंडिपेन्डन्ट, स्वतंत्र. 1977 च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडने उसनवारी करून ‘स्पायरल स्क्रॅच’ ही आपली तबकडी आपणच काढली. मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहता गाणे काढता येते, हे त्यामुळे इंग्लंडातल्या कामगार आणि निम्नमध्यमवर्गीय पोरांना कळले. सुरुवातीला स्वातंत्र्य होते ते भांडवलापासूनचे. पुढे दहा वर्षांत त्या शब्दाचा अर्थ पातळ झाला आणि हळवा आवाज, साधी गिटार, खोलीतला एकटेपणा, पावसाची खिडकी अशा एका शैलीचे ते नाव होऊन बसले. आपल्याकडे ते आले ते ह्या दुसऱ्या अर्थाने.

मुंबईत ते कुठे रुजले हेही पाहण्यासारखे आहे. 2007 साली लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ नावाचे ठिकाण उघडले आणि 2016 पर्यंत ते शहरातल्या स्वतंत्र बँडांचे मोठे व्यासपीठ होते. परळ-लालबागच्या ह्याच गिरणगावात 1944 साली स्थापन झालेले लाल बावटा कलापथक गात होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ह्यांना ऐकायला गिरणी सुटल्यावर माणसे उभ्यानेच गोळा होत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गिरण्या मेल्या, भोंगा बंद पडला आणि त्याच आवारात पंचवीस वर्षांनी ‘स्वतंत्र’ संगीत आले. त्या मुलांनी काही वाईट केले असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यापैकी काही उत्तम वाजवितात. पण ज्यांच्या बापजाद्यांनी त्या जागेत घाम गाळला त्यांची मुले तेव्हा तेथे श्रोते म्हणून नव्हती, फार तर दारावर पहारा करीत असतील.

आता आपल्या बाजूने पाहू. स्वतंत्र म्हणजे ज्याच्यामागे कंपनी नाही, जो स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि गावोगाव स्वतः पोहोचतो, असे धरले तर वामनदादा कर्डक यांच्याइतका स्वतंत्र गायक-गीतकार ह्या देशात कोण झाला? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 1922 साली जन्मलेल्या ह्या माणसाने मोठेपणी अक्षरे गिरविली आणि 2004 साली मृत्यू येईपर्यंत हजारो गाणी लिहिली. ती गाणी दुकानातून फारशी गेली नाहीत. ती पुस्तिकांतून, वह्यांतून, एका गायनपार्टीच्या तोंडून दुसऱ्या गायनपार्टीच्या कानात गेली. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या चटया पसरलेल्या असतात, त्यांवर पुस्तक, बुद्धाची मूर्ती आणि गाण्याची ध्वनिफीत शेजारी शेजारी असे. ही वितरणव्यवस्था आम्ही उभी केली तेव्हा ‘इंडी’ हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. आणि कंपनीच्या दारात गेल्यावर काय होते तेही आपण पाहिले आहे. प्रल्हाद शिंदे ह्यांच्या आवाजाला तोड नव्हती. त्यांनी भीमगीते गायली, कव्वाल्या गायल्या. पण महाराष्ट्रातल्या घराघरांत ते गेले ते विठ्ठलाच्या गाण्यांमुळे. ह्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. पोटासाठी गाणाऱ्याने बाजाराशी भांडावे असे सांगणारे आपण कोण? मागणी कोणाची होती एवढेच येथे नोंदवून ठेवतो.

तेव्हा साधनांचे स्वातंत्र्य आम्हाला नवे नाही. नवी आहे ती दुसरी गोष्ट. गायक-गीतकार म्हणून जो माणूस इंडी पॉपमध्ये मधोमध उभा राहतो तो ‘मी’ म्हणतो. माझी खोली, माझे दुःख, माझी सोडून गेलेली मैत्रीण. आमचे गाणे ‘आम्ही’ म्हणते. माझ्या मते आजच्या आंबेडकरी बँडांची सगळी अडचण आणि सगळी शक्यता ह्या दोन सर्वनामांच्या मध्ये सापडते.

मुंबईत 2010 नंतरच्या दशकात कबीर शाक्य ह्या तरुण गायक-गीतकाराने ‘धम्म विंग्ज’ हा बँड पुढे आणला. बुद्ध आणि बाबासाहेब रॉक-पॉपच्या ठेक्यावर, गिटार आणि ड्रमच्या साथीने गाणारा बँड, अशी त्याची ओळख आहे. आमच्या मीरा-भाईंदरच्या बाजूला जी मुले जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला कंटाळली आहेत त्यांनी ही गाणी मोबाईलवर साठवून ठेवली आहेत. ह्या बँडचे ऋण मान्य केले पाहिजे. आंबेडकरी म्हटला की तो ढोलकी-पेटीवरच गाणार, रांगडाच गाणार, ही समजूत त्याने मोडली. सवर्ण रसिकाला आमचा कलावंत नेहमी ‘लोककलावंत’ म्हणून हवा असतो. डोक्याला फेटा, हातात डफ, आवाजात आर्तता असली की तो आमच्यावर खूश. स्वच्छ शर्ट घालून गिटारीवर सूर जुळविणारा बौद्ध मुलगा त्याच्या चौकटीत बसत नाही. ती चौकट मोडली, हे काम लहान नाही.

परंतु शब्दांकडे आले की मी थबकते. गाण्यांतला मुख्य सूर कृतज्ञतेचा, अभिमानाचा आणि आवाहनाचा आहे. उठा, जागे व्हा, तुमच्यामुळे आम्ही माणूस झालो, बुद्धाकडे चला. हे सारे खरे आहे आणि ते म्हणायलाही हवे. पण हे जलशाने म्हणून झाले, वामनदादांनी म्हणून झाले, कॅसेटच्या काळात तर रोज नव्या चालीवर म्हणून झाले. वाद्य बदलले, ताल बदलला, बोलणारा मात्र अजून मंचावरूनच बोलतो आहे. गिटार हे मंचावरून हाक मारण्याचे वाद्य नव्हे. ते मांडीवर घेऊन वाजवितात, त्याला जवळचा ऐकणारा लागतो. जवळ बसलेल्या माणसाला आपण भाषण करीत नाही, काहीतरी सांगतो. हे सांगणे अजून आमच्या बँडांत पुरेसे आलेले नाही.

सांगण्यासारखे नाही असे कुणी म्हणेल तर त्याने आमच्या शहरात येऊन राहावे. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 साली झाली, महानगरपालिका 28 फेब्रुवारी 2002 ला. मिठागरे, आगरी आणि ख्रिस्ती कोळ्यांची गावे, खाडी आणि एक सुस्त स्टेशन एवढ्यावर दोन पिढ्यांत इमारतींचे जंगल उभे राहिले, आणि 2011 च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक माणसे भरली. त्यांत आमची माणसेही आली. परळच्या, वरळीच्या, नायगावच्या बी. डी. डी. चाळींत ज्यांचे आजोबा राहिले, ज्यांचे वडील बँकेत किंवा रेल्वेत किंवा पालिकेत लागले, त्यांनी कर्ज काढून येथे एक खोली-स्वयंपाकघर घेतले. चाळीत सगळे आपलेच होते, जयंती खाली अंगणात होत असे, मुलाला ‘आम्ही’ हा शब्द शिकवावा लागत नव्हता. येथे चौथ्या मजल्यावर तो एकटा आहे. दारावरच्या पाटीवर आडनाव लिहायचे की नुसते नाव लिहायचे, ह्यावर घरात चर्चा होते. मी स्वतः भाड्याने जागा शोधत होते तेव्हा दलालाने खोली दाखविण्याआधी गाव विचारले, मग आडनाव, मग ‘तुम्ही म्हणजे नेमके कोण’ असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा विचार बदलल्याचे कळविले. हा अनुभव मला एकटीलाच आला असे कुणी समजू नये. सकाळी भाईंदरहून सुटणारी गाडी पकडून चर्चगेटला जाणारा मुलगा कचेरीत बारा तास घालवितो आणि तेथे कुणाला काही कळू देत नाही. आरक्षणावर विनोद झाला तर हसतो. रात्री अकराला घरी येतो. हा दिवस कोणत्या गाण्यात आहे?

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी गिटार वाजवितो आणि गाणी लिहितो. जयंतीला त्याने बाबासाहेबांवरचे गाणे म्हटले, ते छान होते, सर्वांना आवडले. नंतर त्याने वर्गाबाहेर विचारले, ‘मॅडम, मी प्रेमाची गाणीही लिहिली आहेत, ती आपल्या लोकांपुढे म्हटली तर चालेल का?’ त्याच्या प्रश्नात चेष्टा नव्हती, भीती होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो ती गाणी म्हणतो, तेव्हा तो ‘कोण’ हे तेथे कुणाला ठाऊक नसते. आणि जयंतीला तो भीमगीत म्हणतो, तेव्हा तो ‘कसा’ आहे हे कुणी विचारीत नाही. एकाच मुलाचे दोन गायक झाले आहेत. हा प्रश्न वाङ्मयीन तर आहेच, पण मला तो आधी माणसाचा वाटतो.

त्याला मी लगेच ‘म्हण की’ असे सांगू शकले नाही, कारण आपल्या चळवळीने प्रेमाच्या गाण्याकडे पाठ फिरविली त्याला कारण होते. ते कारण सोवळेपणाचे नव्हते. तमाशाच्या बोर्डावर आमच्या बाया नाचत होत्या, आमचे ढोलकीवाले वाजवीत होते आणि दौलतजादा करणारे दुसरेच होते. शृंगार आमच्या देहाचा, करमणूक त्यांची. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ती सांगताना आपण बापूरावांच्या फडातल्या पवळाबाईला विसरतो, ही आणखी एक गोष्ट, पण ते असो. भीमराव कर्डक आणि इतरांनी 1930 च्या सुमारास आंबेडकरी जलसा बांधला तेव्हा तमाशाचा सांगाडा ठेवून त्यातली गौळण आणि शृंगार काढून टाकला. ज्यांच्या शृंगाराचा बाजार झाला होता त्यांनी घेतलेला तो नकार होता. मला तो आजही योग्य वाटतो. पण ज्या अवस्थेत तो घेतला ती अवस्था आज आहे काय, हे विचारायला हवे. दौलतजादा करणारा आता समोर बसलेला नाही. आमचा मुलगा आमच्याच मुलीसाठी, किंवा जातीबाहेरच्या मुलीसाठी, गाणे लिहितो आहे. जातीबाहेरचे प्रेम ह्या महाराष्ट्रात कुठवर नेते, हे खर्ड्यात 2014 साली आपण पाहिले. आमच्या मुलाने प्रेमाचे गाणे म्हणणे ही नुसती हौस राहिलेली नाही, त्यात जीव जातो. हे ज्याला कळते त्याला प्रेमगीत आणि विद्रोह ह्यांच्यात भिंत घालता येणार नाही.

आत्मकथनांनी ही भिंत केव्हाच पाडली होती. 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, 1984 साली शरणकुमार लिंबाळ्यांचे ‘अक्करमाशी’. समाजाची लाज चव्हाट्यावर मांडता, असा आरोप आपल्याच लोकांनी केला. तरी त्या ‘मी’ने जे काम केले ते शंभर ‘आम्ही’ला जमले नव्हते, कारण त्या ‘मी’च्या मागे सगळा महारवाडा उभा होता. गद्याला जे धैर्य 1978 साली झाले ते गाण्याला अजून का होऊ नये? एक कारण असे की पुस्तक माणूस एकटा वाचतो आणि गाणे आपण नेहमी समुदायात ऐकले. मोबाईल आणि कानातल्या वायरीने ते बदलले आहे. विरारच्या गर्दीत उभा असलेला मुलगा आता गाणे एकटाच ऐकतो. ऐकणारा एकटा झाला, गाणारा अजून सभेत आहे.

हा ‘मी’ विलायतेतून आणावा लागेल असे ज्यांना वाटते त्यांनी अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवावी. बायकोला गावी टाकून मुंबईला आलेला एक गरीब माणूस तिच्या आठवणीने झुरतो आहे, एवढ्यावर ती सुरू होते. पुरता ‘मी’, पुरते विरहगीत. आणि ऐकता ऐकता ती मैना बेळगाव-कारवारसह हातची गेलेली मराठी भूमी होते आणि गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे होते. एका माणसाच्या खोलीतून निघालेले गाणे रस्त्यावर कसे येते, ह्याचा ह्याहून चांगला धडा कोणत्याही बँडला मिळणार नाही. अण्णा भाऊंनी आधी विरह खरा केला. तो खरा झाला म्हणून लढा खरा वाटला. आपले आजचे गीतकार उलट्या बाजूने सुरुवात करतात, लढा आधी आणि माणूस नंतर, पुष्कळदा माणूस येतच नाही.

आणि त्याही मागे बाईचे गाणे आहे. गाय प्वातव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या त्यांत आहेत. ह्या ओव्यांतले बाबासाहेब पुतळ्यातले नाहीत. ते बाईचे भाऊ आहेत, माहेरचे माणूस आहेत, ती त्यांची वाट पाहते, त्यांचा थाट पाहून हरखते. ती ‘माझा’ म्हणते. जात्याशी ती एकटी असते किंवा दोघी असतात, ऐकणारे कुणी नसते, म्हणून तिला भाषण करावे लागत नाही. बाबासाहेबांविषयीचे इतके जवळचे, इतके खासगी बोल आपल्या मंचावरच्या गाण्यांत मला क्वचित आढळले. पुरुषांची गायनपार्टी झाली, कर्णा आला, आणि हे ‘माझा’ मागे पडले. माझी आजी जात्यावर जे म्हणत असे त्यातले मला आता काहीच पाठ नाही. गिरणी आली तेव्हा घरात सगळ्यांनाच सुटल्यासारखे झाले होते. गिटारवाल्या मुलांनी ह्या ओव्या ऐकाव्यात, चाल उचलण्यासाठी नव्हे, बोलणे कुठून सुरू होते ते पाहण्यासाठी.

दूरची दोन उदाहरणे देते. चेन्नईत पा. रंजित आणि तेन्मा ह्यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे केले. 6 जानेवारी 2018 ला किलपॉक येथे त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, मंचावर एकोणीस जण होते आणि उत्तर चेन्नईच्या दलित वस्त्यांत मयताच्या वेळी गायले जाणारे ‘गाना’ रॉकच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यातलाच अरिवू. 2021 साली आलेल्या ‘एन्जॉय एन्जामी’ ह्या गाण्यात त्याने आपली आजी वळ्ळिअम्माळ हिलाच आणून बसविले. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली भूमिहीन बाई. नातू आजीविषयी बोलतो आणि लक्षावधी भूमिहीनांचा इतिहास त्यातून उभा राहतो, तोही नाचता येईल अशा ठेक्यावर. गाणे जगभर गाजले. मग त्याच वर्षी एका इंग्रजी संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर बरोबरच्या गायिकेचे चित्र आले आणि अरिवूचे नाही. ओरड झाल्यावर त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ काढण्यात आले. 2022 साली चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये गाणे झाले, तेथेही तो नव्हता, आणि श्रेयाचा वाद पुन्हा उफाळला. कुणाचा किती वाटा, ह्याचा निवाडा मी येथून करीत नाही. पण ‘स्वतंत्र’ संगीताच्या दुनियेतही नाव कुणाचे छापायचे हा प्रश्न उभा राहतो आणि तो बँडवाल्याच्या प्रश्नापासून फार लांबचा नाही.

दुसरे उदाहरण ट्रेसी चॅपमनचे. क्लीव्हलँडची ही कृष्णवर्णीय गायिका 1988 साली एकटी गिटार घेऊन लंडनच्या वेम्बली मैदानात, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात उभी राहिली. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. तिचे ‘फास्ट कार’ हे गाणे एका गरीब मुलीचे आहे. बाप दारुडा, ती दुकानात गल्ल्यावर काम करणारी, कुणाबरोबर तरी गाडीत बसून ह्या सगळ्यातून निघून जावे एवढेच तिला वाटते. वर्णद्वेष हा शब्द त्यात नाही, घोषणा नाही. आणि तरी त्या मैदानावर तेच गाणे योग्य होते. पस्तीस वर्षांनी, 2023 साली, एका गोऱ्या गायकाने ते पुन्हा गायले आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या मानाच्या पुरस्कारांत गीतलेखनाचे पारितोषिक तिला मिळाले. ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आपण 1972 साली पँथरचे नाव अमेरिकेतून घेतले, तिकडची कविता वाचली. त्यांचे ब्लूज मात्र फारसे ऐकले नाही. ब्लूज हे सगळे ‘मी’चेच गाणे आहे.

एक प्रश्न भाषेचा. आंबेडकरी बँड आता पुष्कळ वेळा हिंदीत गातात. आमच्या शहरात तर 2025 साली मराठी न बोलण्यावरून मारहाण झाली, त्यावर व्यापाऱ्यांचा मोर्चा आणि मग मराठीवाल्यांचा मोर्चा निघाला, तेव्हा हा प्रश्न नाजूक आहे. मला हिंदीचे वावडे नाही. उत्तर प्रदेशातून आलेला जाटव मुलगा आणि मराठी बौद्ध मुलगा मीरा रोडच्या एकाच पुलावर उभे राहतात, त्यांना जोडणारे गाणे हिंदीत असेल तर असो. अडचण आहे ती हिंदी कोणती ह्याची. ही हिंदी बहुधा चित्रपटाच्या गाण्यांतून घेतलेली असते, ठरावीक उर्दू शब्दांची, कुणाच्याच घरात न बोलली जाणारी. तिच्यात ‘मी’ म्हटले तरी तो कुणाचाच ‘मी’ होत नाही. आमच्या मुलांची खरी बोली वेगळी आहे: आईशी वऱ्हाडी किंवा मराठवाडी, मित्रांशी बंबैया, कचेरीत मोडके इंग्रजी. ढसाळांनी 1972 साली ‘गोलपिठा’त कामाठीपुऱ्याची भाषा जशीच्या तशी कवितेत ओढली, तिची लाज बाळगली नाही. गाणाऱ्याने निदान तिन्ही भाषा एका गाण्यात येऊ द्याव्यात.

आवाजाबद्दलही एक तक्रार आहे. ध्वनिमुद्रण इतके घासूनपुसून केलेले असते की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, सूर यंत्राने सरळ केलेला असतो. वामनदादांच्या जुन्या फितींत खरखर आहे, मधूनच कुणी खोकते, पण माणूस समोर बसल्यासारखा वाटतो. हलगी तर ह्या बँडांतून जवळजवळ गायबच आहे. ती का टाकली हे मला समजते. तिच्याशी गावकी चिकटलेली आहे. पण ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने पराईसारखे मयताचे वाद्य मानाने मंचावर आणले. हलगीला गिटारीच्या शेजारी खुर्ची दिली आणि ती वाजविणाऱ्या मातंग पोराचे नाव जाहिरातीवर गिटारवाल्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापले, तर एका ओळीत पुष्कळ काही होईल. बौद्ध आणि मातंग ह्यांच्यातले अंतर आपण भाषणांतून पुष्कळ वेळा मिटविले आहे.

आमच्या भागातली जयंती मंडळे दरवर्षी डीजेवर मोठी रक्कम घालवितात आणि रात्री दहाला पोलीस येऊन तो बंद करतात. मी दोन मंडळांच्या कार्यकर्त्यांना सुचविले आहे की, येत्या 14 एप्रिलच्या आदल्या संध्याकाळी ज्या मुलामुलींनी स्वतः गाणी लिहिली आहेत त्यांना अर्धा तास द्या, दोन माइक द्या आणि गाणे कशावर असावे अशी अट घालू नका. एका मंडळाने होकार दिला आहे. दुसऱ्याचे म्हणणे, गाणी आधी कमिटीला दाखवावी लागतील. त्या विद्यार्थ्याला मी पहिल्या मंडळाचा पत्ता दिला आहे; त्याचे प्रेमाचे गाणे मी ऐकले, त्यातले दुसरे कडवे ढिले आहे आणि भाईंदरच्या पुलाचा उल्लेख त्याने उगाच काढून टाकला आहे, तो परत घाल असे त्याला सांगितले.